समुद्रतीरावरील सुट्टी

(ज्युबिली व्याख्यानमालेत देवळाच्या प्रांगणात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त जी व्याख्यानमाला योजिली आहे, तीत आमच्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांस भारदस्त विषय लाभले. कोणी देवळाच्या बांधणीचा इतिहास कथन केला, तर कोणी वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या हौतात्म्याचे वर्णन करून श्रोत्यांची अंतःकरणे हेलावून सोडली. आमच्या वाट्यास मात्र मंडळाने समुद्रतीरावरील सुट्टी व करमणूक हा विषय दिला. ही वार्ता गावात पसरताच एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "काय हो मास्तर, यंदा देवळात पोहावयास शिकविणार की काय?" आम्ही हसून वेळ मारून नेली, परंतु घरी येऊन विचार करता करता असे वाटू लागले की, त्यांच्या थट्टेत बोलले गेले ते काही अगदीच वावगे नव्हते.

उत्तरेस वैतरणेच्या मुखापासून दक्षिणेस वसईच्या खाडीपर्यंत, म्हणजे अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव येथपासून थेट पाचूबंदरापर्यंत, जो वाळूचा पट्टा पसरला आहे, त्याच्या काठी आपले पूर्वज नांदले. तोच पट्टा आता शहरवासी जनांचे विश्रांतिस्थान झाला आहे. रविवारी व सणावारी तेथे इतकी गर्दी होते की, देवळाकडे येणारा आपला वृद्ध मनुष्य रस्ता ओलांडण्यासाठी ताटकळत उभा राहतो. त्या गर्दीपायी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी चार पैसे येतात, कित्येकांच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि अधूनमधून एखाद्या सायंकाळी आपल्या नाखवा मंडळींस मासळीऐवजी मनुष्यदेह बाहेर काढावा लागतो. इतक्या गोष्टी ज्यात गुंतल्या आहेत, त्या विषयास हलका म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

समुद्र ही मौजेची जागा आहे ही कल्पनाच मुळी आपल्याकडे नवी. आमच्या बालपणी आमचे आजोबा वाडीतून समुद्राकडे जात ते बैलगाडी घेऊन, आणि जात ते खतासाठी. किनाऱ्यावर मिळणारी बारीक मासळी केळीस व पानवेलीस घालण्याची चाल होती. कोळी बांधवांस समुद्र म्हणजे शेत. बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत घालणाऱ्या त्यांच्या स्त्रियांस वाळूवर बसून सूर्यास्त पाहण्यास फुरसत ती कोठून असणार? वर्षातून एकदा मात्र, पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस घरातील लहानथोर समुद्रस्नानास जात असू. खाऱ्या पाण्याने अंगावरचे घामोळे व खरूज जाते अशी समजूत होती. बरोबर भाकरी, सुकी मासळी व कांदा. आजी पाण्यात उतरण्यापूर्वी कपाळावर क्रूसाची खूण करी, आणि गुडघ्याहून अधिक खोल कोणास जाऊ देत नसे. ती निरक्षर होती. परंतु तिच्या त्या गुडघाभर पाण्याच्या नियमाकडे आम्हांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

युरोपातही हीच स्थिती होती. तेथील किनाऱ्यांवर कोळी, खलाशी व तस्कर ह्यांखेरीज फारसे कोणी फिरकत नसे. पुढे १७५० साली इंग्लंडातील डॉक्टर रिचर्ड रसेल ह्यांनी गळवे व गाठी ह्यांवर समुद्राचे पाणी गुणकारी आहे असा लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ते रोग्यांस त्या पाण्यात बुडी मारावयास सांगत, इतकेच नव्हे तर ते पिण्यासही देत! रोगी किती बरे झाले हे देव जाणे, परंतु ब्रायटन नावाचे मासेमारीचे गाव मात्र श्रीमंतांचे आरोग्यधाम बनले. पुढे १८४१ साली लंडनहून तेथवर आगगाडी झाली आणि वैद्यांची चिठ्ठी न घेताच कारागीर व कारकून मंडळी तेथे जाऊ लागली. अर्थात आमच्या आजीचे घामोळे आणि डॉक्टर रसेल ह्यांच्या गाठी ह्यांत फारसे अंतर नव्हते. अंतर पडले ते आगगाडीने.

आपल्याकडेही तसेच घडले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली स्थानिक गाडी सुरू झाली. त्या काळी त्या मार्गावर रोज अशी एकच गाडी जाई व एकच येई. आपली केळी, पाने, फुले व भाजी मुंबईच्या बाजारी नेण्यास ह्या लोहमार्गाचा किती उपयोग झाला हे आपणांस सांगणे नको. परंतु जो मार्ग माल बाहेर नेतो तोच माणसे आत आणतो. तरीही नुसत्या मार्गाने माणसे येत नसतात. त्यांस येण्यास दिवस मोकळा लागतो. मुंबईच्या गिरणीकामगारास तो दिवस कसा मिळाला, हा इतिहास आपल्या तरुणांस ठाऊक नसतो म्हणून येथे थोडे थांबतो.

त्या काळी गिरणीत मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खपे आणि आठवड्याची ठराविक सुट्टी अशी त्यास नसे. महात्मा फुले ह्यांचे अनुयायी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून सभा भरवून, अर्ज करून ह्या प्रश्नाची तड लावण्याचा उद्योग आरंभिला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपणांस रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. त्या कामगारांपैकी बहुतेकांस तो खंडोबाचा वार. अशा रीतीने दोन भिन्न श्रद्धांची माणसे एकाच दिवशी मोकळी झाली. पुढे १९३६ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने वर्षाकाठी निदान सहा दिवसांची पगारी रजा मजुरास मिळावी असा ठराव केला आणि स्वतंत्र भारतातील १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगारास दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा देऊ केली. आज आपल्या किनाऱ्यावर जो शहरी मनुष्य मुलाबाळांसह चटई अंथरून बसतो, त्याची ती बैठक अशी लढून मिळविलेली आहे. त्याच्याकडे पाहून नाक मुरडण्याची सवय आपल्यातील काहींस लागली आहे. ती आम्हांस पसंत नाही.

ख्रिस्ती शिकवणुकीतही विश्रांतीस मोठे स्थान आहे. दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा आपण मुलांस पाठ करवितो, पण तीतील विसाव्याचा भाग आपण मिस्सा ऐकण्यापुरता आटोपता घेतो. वास्तविक १९८३ च्या धर्मसंहितेतील १२४७ वा नियम मिस्सेत सहभागी होण्याबरोबरच मनाच्या व शरीराच्या योग्य विसाव्यास अडथळा आणणारी कामे टाळावी असे स्पष्ट सांगतो, आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ३१ मे १९९८ रोजी प्रभूच्या दिवसासंबंधी जे धर्मपत्र लिहिले त्यातही विसाव्याची महती विस्ताराने आली आहे. प्रेषित कामगिरीवरून दमून परतले तेव्हा प्रभूने त्यांस एकांत स्थळी जाऊन थोडे विसावण्यास सांगितले हे संत मार्क लिहितो. परंतु आम्हांस त्याहून अधिक भावणारा प्रसंग संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायातील आहे. रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतणारे सात जण. पहाटेच्या अंधुक प्रकाशात किनाऱ्यावर कोणीतरी उभा. आणि जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे आले तरी त्यांची वाट न पाहता त्याने निखाऱ्यावर मासळी व भाकर आधीच तयार ठेवलेली. पुनरुत्थित प्रभूने आपल्या मित्रांसाठी केलेली न्याहारी ही समुद्रकिनाऱ्यावरची (तिबिर्याचा समुद्र हे वास्तविक गोड्या पाण्याचे सरोवर आहे हे आमचे विद्यार्थी आम्हांस लगेच सांगतील). ह्या गोष्टीत कामकऱ्यांस कोणी बसवून खाऊ घालते. आपल्या किनाऱ्यावर हल्ली रविवारी काय दिसते? कामकरी उभे आणि इतर बसलेले. त्याविषयी पुढे बोलू.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका रविवारी दुपारी शहरातील पाच तरुण आपल्या किनाऱ्यावर आले. तिथी अष्टमी होती. मध्यान्हीचा सुमार असल्याने पाणी फार दूर गेलेले, आणि ओल्या वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडलेला. ते चालत चालत पार शेवटच्या वाळूच्या उंचवट्यापर्यंत गेले, तेथे चेंडू खेळले, छायाचित्रे काढली. अडीच वाजता त्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणी होते. पाचांपैकी दोघांस पोहता येत होते. आपल्या कोळीवाड्यातील मुले टायरची हवेची नळी व दोर घेऊन धावली. त्यांनी चौघांस काढले. पाचवा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीबरोबर आला. त्याची आई आदल्या सायंकाळपासून वाटेवरील क्रूसाच्या चौथऱ्यावर बसून होती. आपल्या भगिनींनी तिला चहा दिला, अंगावर शाल घातली. ती एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत होती की, येथे तर दुपारी कोरडे होते, मग पाणी आले कोठून?

त्या माउलीस त्या वेळी उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तो प्रश्न मात्र तेव्हापासून आमच्या मनातून गेला नाही, आणि आजचे हे व्याख्यान बहुतांशी त्याचेच उत्तर आहे.

आपल्या किनाऱ्यावर चोवीस तासांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात हे सर्वश्रुत आहे. चंद्राच्या गतीमुळे एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून दर दिवशी भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांची ओढ एकत्र येऊन उधाण येते; त्या दिवशी पाणी फार चढते व फार उतरते, आणि मुंबईच्या आसपास पावसाळ्यातील मोठ्या उधाणात ते पाच मीटरांच्या घरात जाते. अष्टमीच्या सुमारास दोहोंची ओढ परस्परांस काटकोनात पडते, त्यास आपण भांग म्हणतो. तेव्हा चढउतार बेताचा असतो. भांगाच्या दिवशी समुद्र शांत दिसतो, आणि अनोळखी मनुष्य फसतो तो ह्याच शांतपणामुळे.

वेळ काढण्याची आपल्या नाखवा मंडळींची रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, तीत सहा तास मिळविले की पूर्ण ओहोटी. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती व नऊ वाजता ओहोटी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता भरती व बारा वाजता ओहोटी. पौर्णिमेस सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसा जो तोच रात्रीही. छापील कोष्टकाशी ताडून पाहता ह्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो हे खरे, आणि बंदरावरील नावाड्यास तो चालणार नाही. परंतु मुलांस घेऊन वाळूवर बसलेल्या बापास हा हिशेब पुरेसा आहे. आम्ही शाळेत पाऊणकी पाठ करवून घेत असू तेव्हा मुले विचारीत की ह्याचा उपयोग काय. तो येथे आहे.

आता त्या अष्टमीचा विचार करा. बाराला पूर्ण ओहोटी. तरुण पोहोचले त्या वेळी. आपला किनारा उतरत्या छपरासारखा सरळ नाही. त्यावर वाळूचे लांब उंचवटे आहेत व उंचवट्यांच्या मागे, जमिनीच्या बाजूस, सखल पन्हळी आहेत. भरती सुरू झाली की पाणी आधी ह्या पन्हळींच्या तोंडांतून आत शिरते व पाठीमागून भरत येते. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसास समोरचे पाणी पायांपासून अजून दूर दिसते, आणि पाठीशी मात्र कमरेइतका ओढा झालेला असतो. पाणी समोरून येते अशी त्याची समजूत. येथे ते मागून आले. हेच त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर.

दुसरा धोका ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेस पूर्ण भरती मध्यान्हीच्या सुमारास होते आणि एकनंतर पाणी वेगाने उतरू लागते. म्हणजे जेवणे आटोपून मंडळी जलविहारास उतरतात त्याच दोन ते पाच ह्या वेळेत पाण्याचा ओढा समुद्राकडे असतो. दोन्ही टोकांस वैतरणा व उल्हास ह्या नद्यांची मुखे असल्याने तेथे हा ओढा अधिकच जोराचा होतो. अर्नाळ्याच्या व पाचूबंदराच्या नाखवास त्या वेळी तेथे पोहावयास सांगून पाहावे, तो नकार देईल. तिसरा प्रकार असा की, लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने परत जाते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा निवांत वाटते. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. चांगला पोहणाराही त्यात थकून बुडतो. अंग सैल सोडून तरंगावे, ओढा मंद झाला की किनाऱ्यास समांतर काही अंतर जावे, आणि मग लाटांबरोबर आत यावे. पोहता न येणाऱ्याने पाठीवर पडून हात वर करावा व ओरडावे. दुसऱ्याने त्याच्यामागे रिकाम्या हाताने उडी घालू नये. दोर, रिकामे पिंप, नळी, जे हाताशी असेल ते फेकावे. एकास वाचविण्यास गेलेला दुसराही बुडाला अशा वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

पावसाळ्याविषयी तर बोलावयासच नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत सरकारी आज्ञेने आपल्या राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले ते आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. नेमके त्याच दिवसांत शहरातील लोक उसळत्या लाटा पाहण्यास येतात, आणि काही जण मद्य घेऊन येतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून शिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. आपल्याकडे त्या मे महिन्यातील घटनेनंतर संबंधित कचेरीने एक फलक लावला. त्यावर "समुद्र धोकादायक आहे" असे लिहिले होते; कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठे, ह्याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि तो गाड्या थांबविण्याच्या जागेमागे, सुरूच्या झाडांआड उभा केला होता. पुढल्या पावसाळ्यात तो पडला. असो.

विहिरींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पाहुण्यांच्या सुट्टीचा भार शेवटी त्यांच्यावर पडतो. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. शास्त्रज्ञांचा हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोड्या पाण्याची पातळी असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा उभा असतो. म्हणून पंपाने ती पातळी एक फूट खाली नेली की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. आपल्या वाडवडिलांनी बावखले खणून ठेवली ती ह्याचसाठी. पावसाचे पाणी त्यांत साठून जमिनीत मुरे. आता पोहण्याचे तलाव व पाहुण्यांची स्नानगृहे भरण्यासाठी उपसा वाढला, आणि बावखले मात्र बुजविली गेली, पुष्कळदा आपल्याच हाताने व आपल्याच सहीने. परलोकवासी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी व जमीन ह्यांविषयी जे जिवाच्या आकांताने सांगितले, ते ऐकून आपण टाळ्या वाजविल्या; काहींनी तर टाळ्या वाजवून घरी गेल्यावर बावखल बुजविले. १९९१ च्या किनारा नियमावलीने भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यावर निर्बंध घातले. ती नियमावली २०११ साली व पुन्हा २०१९ साली बदलली. कायदा बदलतो तेव्हा आपण वकिलाकडे धावतो. विहिरीतील पाणी बदलते ते मात्र केळीची पाने कडेने करपू लागेपर्यंत कळत नाही.

सुरूची झाडे पडत आहेत ह्याचेही अनेकांस दुःख आहे. हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा, एकोणिसाव्या शतकात आपल्या देशी आणून लाविलेला. त्याची मुळे वाळूत फार खोल धरत नाहीत. पायथ्याची वाळू लाटांनी व चोरून वाळू उपसणाऱ्यांनी नेली की तो उलथतो. भुईगाव व कळंब येथे हे आपण डोळ्यांनी पाहत आहो.

आता रविवारच्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे आम्हांस थोडे अप्रिय बोलावे लागणार आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे आज पाहुण्यांवर जगतात. कोणी वाडीत चार खोल्या बांधल्या, कोणाची खानावळ आहे, कोणी आगाशीचे प्रसिद्ध भुजिंग विकतो, कोणी घोडागाडी चालवितो. हा प्रामाणिक उद्योग आहे, आणि वाडी विकून टाकण्यापेक्षा वाडीत पाहुणा ठेवून ती राखणे हे शतपट चांगले असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या झाडाखाली पाहुणा बसतो तो ते झाड तोडीत नाही. परंतु ह्या उद्योगाचा हंगाम म्हणजे रविवार. शनिवारी रात्री मसाला वाटणे, रविवारी पहाटे चारला चूल पेटविणे, रात्री अकराला भांडी घासणे. ज्या रविवारासाठी लोखंडे सहा वर्षे झटले तो शहरातील मजुरास मिळाला, आणि आपल्या स्वयंपाकघरातील सुनेचा गेला. धर्मशिक्षणाच्या वर्गात गैरहजर मुलांची नावे पाहिली तर त्यांतील बहुसंख्य किनाऱ्याकडील आळ्यांतील आहेत, आणि ती मुले घरी लोळत पडलेली नसतात. ती पाणी वाढीत असतात.

ह्यावर कोणी म्हणतील की उद्योग रविवारी बंद ठेवावा. हे बोलणारे बहुधा मासिक पगारावर असतात. आम्हीही होतो, म्हणून हे बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. शनिवारच्या सायंमिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते ही सवलत धर्मसंहितेने दिलेलीच आहे. त्या मिस्सेची वेळ सातऐवजी पाच करावी, म्हणजे मसाला वाटण्यापूर्वी स्त्रियांस येता येईल, अशी विनंती आम्ही प्रमुख धर्मगुरूंस केली आहे. किनाऱ्याकडील मुलांचा धर्मशिक्षण वर्ग बुधवारी घेण्यास दोन शिक्षिका तयार आहेत. आणि खानावळवाल्यांनी आपसांत पाळी लावून महिन्यातून एक रविवार प्रत्येकाने सुट्टी घ्यावी ही सूचना कोळीवाड्यातूनच आली आहे. तीवर वाद चालू आहे; पाळी आधी कोणाची, ह्यावर तो अडला आहे. मे महिन्याचा रविवार सोडावयास कोणी तयार नाही, हे ओघानेच आले.

राहता राहिली आपली स्वतःची सुट्टी. आपल्या मंडळींस विश्रांती घेण्याचा संकोच वाटतो. घेतली तर ती महाबळेश्वरी किंवा गोव्यास जाऊन, कर्ज काढून. तेथे दुसऱ्याच्या किनाऱ्यावर बसून छायाचित्रे काढावयाची, आणि घरापासून दहा मिनिटांवर असलेला समुद्र वर्षभर पाहावयाचा नाही. आमच्या शाळेतील मुलांस एकदा विचारले तेव्हा कळले की, किनाऱ्यालगतच्या ह्या गावातील निम्म्याहून अधिक मुलांस पोहता येत नाही. वृद्ध स्नेह्यांची थट्टा आम्ही मनावर घेतली आहे असे म्हटले तरी चालेल.

म्हणून ज्युबिली समितीने असे ठरविले आहे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या चारही वाटांच्या तोंडाशी, प्रत्येक क्रूसाजवळ, एक काळा फळा लावावयाचा. त्यावर दर शनिवारी सायंकाळी दुसऱ्या दिवशीची तिथी, भरतीची वेळ व ओहोटीची वेळ खडूने लिहावयाची, मराठीत व हिंदीत. हे काम संत विन्सेंट डी पॉल सभेच्या तरुणांनी पत्करले आहे. किनाऱ्यालगतच्या सहा घरांनी प्रत्येकी एक लांब दोर व दोन हवेच्या नळ्या पडवीत टांगून ठेवण्याचे मान्य केले आहे. त्यांच्या दारावर पांढरी खूण असेल. आणि येत्या शुद्ध पंचमीच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सर्व धर्मग्रामाची सहल किनाऱ्यावर जावयाची आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार; म्हणजे साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास पाणी तळाशी असेल, आणि आम्ही पोहोचू तेव्हा ते चढू लागलेले असेल. बायकामुलांचे स्नान अकरापासून दोनपर्यंत, उंचवट्यांच्या अलीकडे, पाण्याबरोबर मागे सरत सरत, आणि पोहता न येणाऱ्यांसाठी आमच्या आजीच्या नियमाप्रमाणे गुडघाभर. पावणेचारास पाणी उलटण्यापूर्वी सर्वांनी बाहेर यावयाचे, तेव्हा घंटा वाजविली जाईल. त्या दिवशी किनाऱ्यावरील खानावळी बंद राहणार आहेत. स्वयंपाक पुरुष मंडळी करतील, आणि वर्षभर वाढणाऱ्या भगिनींनी चटईवर बसावयाचे आहे. भाकरी कशा होतील ह्याची हमी आम्ही देत नाही. मासळी निखाऱ्यावर भाजली जाईल.

 फळ्यांसाठी खडू व दोरांसाठी वर्गणी दारातील पेटीत टाकावी.